ढिल्ली कांडी

माझ्या थोरल्या मुलीनं पाच महिने जिवापाड जपलेलं गुपित मी गिरणीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पानाच्या दुकानापर्यंत जाता जाता उधळून टाकलं. अंतर फार तर शंभर पावलांचं. आणि उधळत असताना आपण ते राखतो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती, हे त्यातलं विशेष.

ते गुपित म्हणजे आंबापोळी. आता हादगा खेळणाऱ्या मुलीच दिसत नाहीत, म्हणून दोन शब्द सांगायला हवेत. आश्विनात सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की सोळा दिवस आळीतल्या पोरी रोज एका घरी जमायच्या. भिंतीवर नाहीतर पाटावर हत्ती काढायचा, त्याला फुलं-फळं वाहायची, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. पण पोरींचा खरा जीव गाण्यात नसायचा, तो असायचा खिरापतीत. ज्या घरचा हादगा त्या घरानं काहीतरी खाऊ करायचा, तो झाकून ठेवायचा, आणि पाहुण्या पोरींनी प्रश्न विचारून विचारून तो ओळखायचा. ओळखला नाही तर त्या घराची मान वर्षभर ताठ. आमच्या शांतेनं, म्हणजे थोरलीनं, वैशाखात केलेल्या आंबापोळीतला आपला वाटा खाल्लाच नव्हता. तो फडक्यात गुंडाळून तिनं लोणच्याच्या बरणीमागं ठेवला होता, तो या दिवसासाठी. दहा वर्षांची पोर ती. मुंग्यांपासून, उंदरांपासून आणि धाकट्या बहिणीपासून तिनं तो पाच महिने वाचवला. बापापासून वाचवायचं तिच्या डोक्यात आलं नाही. उलट त्या दिवशी सकाळी तिनं माझ्या गळ्यात हात टाकून ते माझ्या कानात सांगितलं.

संध्याकाळी गिरणी सुटली. मी हजेरीखात्यात कारकून होतो. गोपाळराव माझ्याच खात्यात आणि माझ्याच आळीत. त्यांची चंपी खिरापत ओळखण्यात एक नंबर.

"काय मग, आज हादगा तुमच्याकडं," गोपाळराव म्हणाले. "चंपी सकाळपासनं पैज मारून बसलीय. तीन प्रश्नांत ओळखणार म्हणती."

"तीन काय, तीनशे प्रश्न विचारू दे की," मी म्हणालो. "अहो, आश्विनात आंबा कुणाच्या डोक्यात येणार आहे?"

गोपाळराव पानाला चुना लावत होते. त्यांचं बोट थांबलं नाही, एवढं मला स्वच्छ आठवतं. आणि हेही आठवतं, की घरी येईपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. मी खिरापत थोडीच सांगितली होती? मी फक्त ती ओळखणं किती अशक्य आहे ते समजावून सांगितलं होतं.

पाच गाणी झाली. पोरी झाकलेल्या ताटाभोवती बसल्या. रीत अशी, की आधी 'गोड का तिखट' विचारायचं, मग 'तळलेलं का भाजलेलं', असं करत करत जवळ जायचं. चंपीनं काहीच विचारलं नाही. तिनं परकराला हात पुसला आणि म्हणाली, "आंबापोळी."

शांतेनं चंपीकडं पाहिलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी दारात तपकिरीची चिमूट नाकाशी नेऊन बसलो होतो. ती चिमूट तिथंच राहिली.

मुलींच्या वाढीविषयी लोक आठवणी लिहितात. मला मात्र वाटतं, आमच्या मुली आपोआपच वाढल्या. वाढायचं राहिलं होतं ते माझं, आणि ते काम त्या एका आश्विनात बरंचसं झालं. म्हणून त्या दिवसांविषयी लिहायला बसलो.

घर दोन खोल्यांचं, पुढं अंगण मात्र ऐसपैस. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, पण त्याच्याही आधी मागच्या बाजूनं राजय्याचा माग सुरू व्हायचा. खट्-खटाक्, खट्-खटाक्. राजय्या तेलुगू विणकर, आमचा पाठीला पाठ लावून असलेला शेजारी. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून तो दिवसभर लुगडी विणायचा. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय, की सणावारी माग बंद असला तर आमची मंगी झोपेतून दचकून उठायची. मंगी धाकटी, सात वर्षांची. आश्विनातलं ऊन सोलापूरला दुपारी डोक्यात जातं, पण सकाळ मोठी गोड असते. ओल्या शेंगांचे दिवस. चुलीवर शेंगा उकडत असल्या, की सगळ्या घराला मातीचा आणि मिठाचा एक वास सुटायचा. सकाळच्या घाईत सौ. भाकरी थापायची, शांता पाट्या पुसायची आणि मंगीची वेणी घालायचं काम माझ्यावर यायचं. माझ्या हातची वेणी शाळेच्या दारापर्यंत कधी टिकली नाही. हादग्याचा हत्तीही मीच पाटावर काढला होता. तो बघून मंगी म्हणाली होती, "अण्णा, ह्या म्हशीला सोंड कशाला?"

आंबापोळीच्या प्रकरणानंतर शांतेनं माझ्याशी अबोला धरला. भांडण नाही, रडणं नाही. ताट वाढायचं, पाणी द्यायचं, सगळं वेळच्या वेळी. फक्त बोलणं मंगीमार्फत. "मंगे, अण्णांना विचार, चटणी हवी का." मी समोर बसलेला. मंगी इमानानं माझ्याकडं वळून म्हणायची, "अण्णा, चटणी हवी का?" मी म्हणायचो, "हवी." मंगी म्हणायची, "शांताक्का, हवी म्हणतात." शेंगाची चटणी इतक्या हातांतून फिरून माझ्या ताटात यायची. सौ. चुलीशी तोंड फिरवून बसायची. तिचे खांदे हलताना दिसायचे, पण बाजू काही तिनं कुणाची घेतली नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवताना मला मंगीची बोटं दिसली. लालभडक. मी म्हणालो, "हे काय?"

"तेरडा," मंगी म्हणाली. "फुलं वेचून."

दोघी बहिणी हादग्यासाठी फुलं आणायला रोज पहाटे बाहेर पडायच्या, ते खरं. तेरड्यानं बोटं लाल होतात, तेही खरं. पण कोनाड्यातल्या परडीत त्या दिवशी नुसता पिवळा झेंडू होता, आणि तोही मूठभर. शिवाय मंगीच्या केसांत, मीच घातलेल्या आणि सुटलेल्या वेणीत, सुताचा एक लाल धागा अडकलेला. हजेरीखात्यात काम करणाऱ्याला दुसरं काही येत नसलं, तरी कोण कुठं हजर होतं हे शोधता येतं. मी धागा ओढून तिच्यासमोर धरला.

मंगी स्वभावानं माझ्यावर गेलेली. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

हकीगत अशी होती. राजय्याची मुलगी नरसू शांतेच्या वर्गात, शांतेच्याच पाटाला पाट लावून बसणारी. गणितात साऱ्या वर्गाच्या पुढं. विणकराच्या घरात बायका-पोरींचं काम म्हणजे कांड्या भरणं. रहाटावर सूत गुंडाळून बोटाएवढ्या कांड्या भरायच्या, त्या आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या, मग माग चालायचा. नरसूची आई नुकतीच बाळंत झाली होती, आणि आईच्या वाट्याच्या कांड्याही नरसूवर आल्या होत्या. दसरा-दिवाळीची लुगडी मागावर. राजय्यानं पोरीला सांगितलं होतं, शाळेच्या घंटेआधी कांड्या भरून झाल्या तर शाळा, नाही झाल्या तर पाटी ठेव उतरंडीवर. चार दिवस नरसू शाळेत आली नाही. दसऱ्यानंतर परीक्षा. जी बसणार नाही तिचं नाव कमी करणार, असं बाईंनी सांगितलेलं. तेव्हापासून आमच्या दोघी पहाटे परडी घेऊन निघायच्या, त्या मागच्या बोळातून नरसूच्या परसात. राजय्या पुढच्या खोलीत मागावर, मागाचा आवाज एवढा मोठा, की परसात तीन पोरी रहाट फिरवतायत हे त्याला कळायचं नाही. तिघी मिळून कांड्या संपवायच्या आणि मग घंटेला पोचायच्या.

"मंगे!" दारातून आवाज आला. शांता उभी होती. बहिणीकडं तिनं असं पाहिलं, की मंगीनं लाल बोटं पाठीमागं लपवली. मग शांता माझ्यासमोर येऊन बसली आणि चार दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"अण्णा, तुम्हाला कळलंच आहे आता. पण राजय्यामामांना कळता कामा नये."

"का बरं? बरंच वाटेल की त्यांना."

"नाही वाटणार. नरसूची आई म्हणाली होती त्यांना, शेजारच्या पोरी मदत करतील म्हणून. तर ते म्हणाले, लोकांच्या पोरींचे कष्ट मी माझ्या मागावर घेणार नाही. कळलं तर त्याच दिवशी नरसूची शाळा बंद. तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणा."

"नाही सांगणार."

"असं नाही. शपथ घ्या."

"कुणाची घेऊ?"

तिनं विचार केला. देवाधर्माच्या शपथेनं हा माणूस बांधला जाणार नाही, हे तिच्या तोंडावर मला वाचता आलं. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या तपकिरीच्या डबीची."

मी डबीवर हात ठेवून शपथ घेतली. "आईलासुद्धा नाही," शांता म्हणाली. "आईलासुद्धा नाही," मी म्हणालो. आत सौ. भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला असं वाटलं, पण लगेच पुन्हा थापायचा आवाज सुरू झाला.

त्यानंतरच्या दिवसांत माझे जे हाल झाले ते मलाच ठाऊक. ज्यांना गुपित राखता येतं त्यांना यातलं काही समजायचं नाही. पोटात गाठोडं ठेवून चालल्यासारखं होतं. त्यातून राजय्या संध्याकाळी माग थांबवून बोळाच्या तोंडाशी दगडावर येऊन बसायचा, आणि मी रोजच्या सवयीनं शेजारी. तो मुलखाचा अबोल. दोन वाक्यं बोलला तर तिसऱ्यासाठी उद्या यायचं. एरवी त्याच्या वाट्याचंही मीच बोलायचो. आता बोलायची भीती. पावसाचा विषय काढावा, तर पावसावरून सूत वाळत नाही, सुतावरून कांडी. मुलांचा विषय काढावा, तर थेट खड्ड्यातच. मी हत्तींविषयी बोलायला लागलो. खरा हत्ती मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला असेन, पण आठवडाभर त्याला मी हत्ती पुरवला.

एका संध्याकाळी तोच म्हणाला, "अण्णासाब, पोरी लई लवकर उठत्यात तुमच्या."

तपकीर नाकात जायची ती घशात गेली. "फुलं!" मी खोकत खोकत म्हणालो. "फुलं वेचायला जातात. हादग्याची."

"व्हय की," राजय्या म्हणाला आणि आभाळाकडं बघत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "चांगली हायत फुलं."

घरातही मला एक गोष्ट खटकत होती. सौ. पहाटे पोरींना शिदोरी बांधून द्यायची. त्यात चार भाकऱ्या. मी म्हणालो, "फुलं वेचायला चार भाकऱ्या?" ती म्हणाली, "वाकून वाकून भूक लागते." मी गप्प बसलो. पुढं बोललो असतो तर शपथ मोडली असती.

सोळावा, शेवटचा हादगाही आमच्याकडंच होता, अंगण मोठं म्हणून. दोन दिवस आधी सौ. मला म्हणाली, "शेवटच्या दिवशी खोबऱ्याची वडी करणार आहे. कुणाला बोलू नका हं." दुसऱ्या दिवशी गिरणीला निघताना पुन्हा दारापर्यंत आली आणि चांगलं मोठ्यानं म्हणाली, "खोबऱ्याची वडी! गोपाळरावांना तर मुळीच बोलू नका." मला वाईट वाटलं. एका चुकीची आठवण किती दिवस द्यावी माणसानं? मी दात घट्ट आवळून निघालो. गोपाळरावांनी जाताना विचारलं, येताना विचारलं, पानाच्या दुकानाशी थांबून विचारलं. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही." त्या दिवशी मी पानसुद्धा खाल्लं नाही, तोंड उघडायला नको म्हणून. एकाच वेळी दोन दोन गुपितं पोटात घेऊन मी घरी आलो, तेव्हा मला माझाच अभिमान वाटत होता.

शेवटच्या दिवशी दुपारी हस्ताची एक सर येऊन गेली होती. अंगण ओलं, हवेत गारवा, पाटावरच्या माझ्या हत्तीला झेंडूच्या माळा घालून पोरींनी त्याचं बरंचसं अंग झाकलं होतं, ते बरंच झालं. वीसेक पोरींचा फेर. नरसू शांतेच्या हाताला हात धरून. त्यांच्या घरी त्याच दिवसांत बतकम्मा असायची, तबकात फुलांचा मनोरा रचून त्याच्याभोवती बायका टाळ्या वाजवत फिरायच्या. त्यामुळं फेर धरायला नरसूला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. उलट आमच्या गाण्यांना ती मधूनच त्यांच्या टाळ्या द्यायची, आणि पोरींना ते इतकं आवडलं होतं, की सोळा दिवसांत सगळ्याच तशा टाळ्या द्यायला लागल्या होत्या. मी दारात बसून मान डोलवत होतो.

तेवढ्यात अंगणाच्या दारात राजय्या उभा राहिला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, दोन्ही हातांत काहीतरी, वर फडकं झाकलेलं. तोंड नेहमीसारखंच दगडी. हा माणूस आमच्या अंगणात कधी आलेला मला आठवत नव्हता. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अण्णासाब, जरा बोलायचं हुतं. कांड्यांचं."

संपलं. फडक्याखाली पोरींनी भरलेल्या कांड्याच असणार, पुरावा म्हणून आणलेल्या, असं मी धरून चाललो. उठून उभा राहिलो. फेराचं गाणं रंगात आलेलं, त्यामुळं मला मोठ्यानं बोलावं लागलं.

"राजय्या, पोरींवर रागावू नका!" मी म्हणालो. "आमच्याच पोरी रोज पहाटे तुमच्या परसात येऊन कांड्या भरतात, पण त्यात नरसूचा काही दोष नाही! तिची शाळा बंद करू नका!"

पहिलं वाक्य गाण्याच्या आवाजात बुडालं. पण गाणं नेमकं तिथंच संपलं, आणि पुढचं सगळं मी वीस पोरी, चार-पाच आया आणि हत्ती यांच्यासमोर ओरडून सांगितलं.

नरसू शांतेच्या पाठीमागं सरकली. शांतेनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या बघण्यापुढं आंबापोळीच्या दिवसाचं बघणं म्हणजे लाडच म्हणायचे. मी खिशातली डबी चाचपली, का ते माझं मलाच ठाऊक नाही.

राजय्यानं हातातलं खाली ठेवलं नाही. "ठाऊक हाय की," तो म्हणाला.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"पैल्या दिसापासनं." आणि मग तो माणूस बोलायला लागला, जितका मी त्याला वर्षात बोलताना ऐकला नसेन तितका. "आमच्या नरसूची कांडी घट्ट असती, दगडावाणी. तुमच्या थोरलीची मऊ, पर चालती. धाकटीची ढिल्ली. धोटा टाकला की सूत भसकन सुटून येतंय, धागा तुटतोय. दिसातनं दहादा हात थांबवून सांधतोय मी. कांडी कुणाच्या हातची, ते मागावर बसल्याला कुनी सांगाय लागत न्हाय, अण्णासाब."

मंगीनं आपल्या बोटांकडं पाहिलं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कसं बोलू? लोकांच्या पोरींचे कष्ट घेनार न्हाय म्हनून बसलोय घरात. ठाऊक हाय म्हनलो असतो तर बंद करावं लागलं असतं. म्हनून ठाऊक नव्हतं." त्यानं अंगणभर पाहिलं. "आता तुमी चारचौघांत सांगितलं."

त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला, आणि शिरला तेव्हा जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. हा माणूस दहा-बारा दिवस तुटलेले धागे सांधत, तोंडातनं ब्र न काढता, आपल्या मुलीची शाळा चालू ठेवत होता. आणि मी तिचं नाव वाचवायला म्हणून उठलो आणि त्याला तोंड उघडायला लावलं. आता शब्दाला जागायचं तर शाळा बंद करायची, आणि शाळा चालू ठेवायची तर आळीसमोर शब्द मोडायचा.

स्वयंपाकघराच्या दारातून सौ. पुढं आली. हाताला पीठ, पदर खोचलेला.

"राजय्या," ती म्हणाली, "लोकांच्या पोरी कष्ट करतात असं म्हटलं तर तुमचं बरोबर आहे. पण ह्या पोरी शिकायला येतात असं म्हटलं तर? गुरूच्या घरी शिकणारं माणूस दोन कामं करतंच की. ते काय कष्ट म्हणून मोजायचे?"

राजय्यानं हातातल्या फडक्याची कडा सावरली.

"आणि फुकटही नको," सौ. म्हणाली. "आमच्या पोरींना तुम्ही कांडी शिकवा. नरसूचं गणित परीक्षेपर्यंत हे घेतील."

'हे' म्हणजे मी. राजय्यानं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. हा माणूस आपल्या पोरीला काही शिकवू शकेल का, असा तो हिशेब असावा. तो बरोबरच होता. पुढं पंधरा दिवस व्याजाची उदाहरणं नरसूनं मला समजावून दिली. पण त्या वेळी राजय्यानं मान हलवली.

"शिकायला यायचं तर पुढच्या दारानं यावं लागंल," तो म्हणाला. मग मंगीकडं वळला. "तुला रहाट उंच पडतोय. हात पोचत न्हाय, म्हनून कांडी ढिल्ली. रहाटाचे पाय कापून बुटका केलाय. ते सांगायला आलतो तुझ्या बापाला, गुपचूप." 'गुपचूप' म्हणताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

आणि मग त्यानं फडक्याखालचं ताट सौ.च्या हातात दिलं. "हे तुमचं, वैनी. आमच्या घरातनं." सौ.नं ते पदराखाली घेतलं आणि आत नेलं, इतक्या चपळाईनं, की मी विचारायच्या आत ती दिसेनाशी झाली.

राहिलेली गाणी झाली. ताट बाहेर आलं. मी निवांत होतो, कारण खोबऱ्याची वडी होती आणि तेवढं एक तरी मी राखलं होतं. चंपी सावरून बसली.

"गोड का तिखट?"

"गोड," शांता आणि नरसू एकदम म्हणाल्या.

"तळलेलं का भाजलेलं?"

"भाजलेलं."

लाडू झाले, वड्या झाल्या, चिक्की झाली, सांजोऱ्या झाल्या. "खोबऱ्याची वडी!" कुणीतरी म्हणालं, आणि मी मान खाली घातली. "नाही," शांता म्हणाली. मी मान वर केली. चंपीनं अर्धा तास किल्ला लढवला आणि शेवटी परकराला हात पुसून म्हणाली, "हरलो."

शांतेनं एका बाजूनं आणि नरसूनं दुसऱ्या बाजूनं फडकं उचललं. ताटात पिठाचे तीन ढीग. एक तिळाचा, एक शेंगदाण्याचा, एक मक्याचा, भाजून, दळून, गूळ घालून. बतकम्मेच्या शेवटच्या दिवशी त्यांच्यात हे करतात, सत्तू म्हणतात. नरसूच्या आईनं बाळंतपणातून उठून पहिल्यांदा जात्याला हात लावला तो यासाठी. पोरींनी तळहातावर घेऊन चाटलं. एकीला हसू आलं आणि तिळाचं पीठ समोरचीच्या तोंडावर उडालं, मग काय, सगळ्यांच्याच तोंडावर. मंगी म्हणाली, "अण्णांच्या तपकिरीसारखं आहे!" आणि ते कौतुक म्हणूनच म्हणाली. दोन आया कुजबुजल्या, की विणकराच्या घरचं पोरींनी खाल्लं. सौ. म्हणाली, "भाजलेल्याला काही होत नाही." मग ताटाकडं बघून म्हणाली, "आणि आता परत तरी कुठून घेणार?" ताट स्वच्छ होतं. पुढच्या वर्षी त्याच दोघींनी येऊन विचारलं, की ते कसं करतात.

नरसू परीक्षेला बसली, पहिली आली, आणि पुढं शिकत गेली. आता माझे डोळे अधू झाले आहेत. ती अधूनमधून येते, चष्मा लावते आणि मला वर्तमानपत्र वाचून दाखवते. बातमीत आकडे असले तर मला समजलेत का ते थांबून विचारते. राजय्या आज नाही. त्याचा माग थांबला त्या पहाटे मंगी तिच्या सासरी, इतक्या लांब असून, दचकून उठली होती म्हणे. मी यावर विश्वास ठेवतो. मंगी सगळं सांगते, पण खोटं सांगत नाही.

त्या संध्याकाळी पोरी पांगल्या. शांता नरसूला पोचवायला गेली, आणि जाताना माझ्या हातावर तिनं शेंगदाण्याच्या सत्तूची चिमूट ठेवली. बोलली नाही, पण मंगीमार्फतही पाठवली नाही. सौ. पाटावरचा हत्ती ओल्या फडक्यानं पुसत होती. मी जवळ जाऊन बसलो.

"तुला पोरींचं सगळं ठाऊक होतं?"

"चार भाकऱ्या मी काय झेंडूला बांधून देत होते?"

"आणि मला खोबऱ्याची वडी सांगितलीस ती?"

तिनं हत्तीची सोंड पुसली, मग कान पुसले. हसू दाबायला तिनं ओठ चावले, ते दाबलं गेलं नाही.

"ती गोपाळरावांसाठी होती," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना सांगाल, ते चंपीला सांगतील, ती वडी वडी करत बसेल आणि नरसूच्या आईशी ठरवलेलं आमचं सत्तू कुणाला ओळखता येणार नाही, असं मी धरून चालले होते. दोनदा सांगितलं, दारात येऊन मोठ्यानं सांगितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी तुमच्या तोंडावर भरवसा ठेवला, आणि तुम्ही नेमके तेव्हाच गप्प बसलात!"